आधी वाट रुग्णवाहिकेला

(रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने झालेल्या भाषणाचा मजकूर)



अनंत चतुर्दशीच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ढोल-ताशांचा गजर टिपेला पोहोचलेला असतो आणि दुतर्फा माणसांच्या भिंती उभ्या असतात. अशा वेळी दुरून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो. पुढे जे घडते ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ढोल थांबतात. मंडळांचे कार्यकर्ते हातात हात गुंफून साखळी करतात आणि जेथे मुंगीलाही शिरकाव नव्हता, तेथे गर्दी दुभंगून गाडीपुरती वाट तयार होते. रुग्णवाहिका निघून जाते, गर्दी पुन्हा एक होते आणि ढोल पूर्ववत वाजू लागतात. हे सारे दोन-तीन मिनिटांत उरकते. त्यासाठी कोणी हुकूम सोडलेला नसतो, की कोणाला दंडाची भीती घातलेली नसते.

त्यानंतर दोन दिवसांनी त्याच शहरातील एखाद्या चौकाचे चित्र पाहावे. सिग्नलला वाहने खोळंबली आहेत. मागे रुग्णवाहिका भोंगा वाजवीत उभी आहे. पुढचा मोटारचालक आरशात पाहतो आणि पुन्हा समोर पाहू लागतो. कोणी नुसताच हॉर्न वाजवितो. कोणी हातभर पुढे सरकतो, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत शेजारचा दुचाकीस्वार शिरतो. वाट होत नाही. माणसे तीच आहेत. मग मिरवणुकीत सहज मिळालेली वाट चौकात का मिळत नाही?

माणुसकी आटली, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. आटली असती तर ती मिरवणुकीतही दिसली नसती. खरे कारण निराळे आहे. पायी चालणाऱ्या माणसाला बाजूला होणे शिकवावे लागत नाही. शेजाऱ्याच्या खांद्याचा धक्का लागला की तो सरकतो. वाहनात बसलेला माणूस मात्र काचेआड एकटा असतो. भोंगा त्याला उशिरा ऐकू येतो, आवाजाची दिशा कळत नाही, आणि ऐकू आला तरी नेमके कोणीकडे सरकावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या एकट्याच्या सरकण्याने काय होणार, असाही विचार मनात येतोच. तेव्हा येथे उणीव आहे ती सद्भावनेपेक्षा सवयीची आणि ज्ञानाची. ही उणीव भरून काढता येण्याजोगी आहे.

मिनिटांचा हिशेब

रुग्णवाहिकेला दोन मिनिटे उशीर झाला तर काय बिघडते, असे एखाद्याला वाटेल. वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. हृदयाची क्रिया एकाएकी बंद पडली, तर मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा तुटतो आणि साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. छातीवर दाब देण्याचा उपचार किंवा विजेच्या धक्क्याचे उपकरण मिळाले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. पक्षाघातात रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ते देण्यापूर्वी मेंदूची तपासणी करावी लागते आणि त्यातही वेळ जातो. अपघातात गंभीर जखमी झालेल्यांच्या बाबतीत पहिल्या तासाला ‘सुवर्ण तास’ म्हणतात. हा शब्द आता केवळ डॉक्टरांचा राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्याच देण्यात आली आहे. इजा झाल्यानंतरचा असा एक तास, की ज्यात त्वरित उपचार मिळाल्यास मृत्यू टळण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, असा तिचा आशय आहे.

आता शहरातील एक साधा हिशेब करावा. घटनास्थळापासून रुग्णालयापर्यंत पाच चौक आहेत आणि प्रत्येक चौकात रुग्णवाहिका दीड मिनिट अडकली असे धरले, तर साडेसात मिनिटे केवळ उभे राहण्यात गेली. थांबलेल्या हृदयाच्या रुग्णाला निसर्गाने दिलेली मुदत याहून कमी आहे. या साडेसात मिनिटांची जबाबदारी कोणा एकावर टाकता येत नाही. ती पन्नास-शंभर वाहनांत वाटली गेलेली असते, आणि म्हणूनच कोणालाही ती आपली वाटत नाही. थेंबे थेंबे तळे साचते ही म्हण वाहतुकीच्या कोंडीलाही लागू पडते. परंतु कोंडी जशी थेंबाथेंबाने साचते, तशीच वाटही हात-दोन हात सरकणाऱ्या प्रत्येक वाहनातून तयार होते.

आगीच्या बंबाची गोष्ट याहून वेगळी नाही. बंदिस्त खोलीतील आग काही मिनिटांतच सबंध खोली व्यापू शकते. एका खोलीची आग विझविणे आणि एका मजल्याची आग विझविणे यांत जो फरक आहे, तो पुष्कळदा या मिनिटांचाच असतो. शिवाय बंब हे जड वाहन आहे. हजारो लिटर पाणी घेऊन धावणाऱ्या या गाडीला मोटारीसारखा पटकन ब्रेक लावता येत नाही आणि एकदा थांबल्यावर वेगही लवकर घेता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर प्रचंड स्फोट झाले. आग विझविण्यासाठी धावून गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जेथून इतर सर्व लोक जीव घेऊन बाहेर पळतात, तेथे ही माणसे आत शिरतात. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा करणे हे नागरिकांच्या वाट्याला आलेले त्यातले सर्वांत सोपे काम आहे.

रिकाम्या गाडीचा गैरसमज

चौकात एक वाक्य नेहमी ऐकू येते : “गाडी तर रिकामी आहे, उगाच भोंगा वाजवतोय.” या एका वाक्याने किती नुकसान होत असेल याची कल्पनाच करावी. रिकामी रुग्णवाहिका बहुधा रुग्णाला आणावयास निघालेली असते. तिच्यात रुग्ण नसतो याचा अर्थ रुग्ण कोठेतरी तिची वाट पाहत असतो, आणि त्याच्यापाशी त्या क्षणी ना डॉक्टर असतो, ना प्राणवायू. भरलेल्या गाडीतील रुग्णावर निदान काही उपचार चालू असतात. या दृष्टीने पाहिले तर रिकाम्या गाडीची निकड काही वेळा अधिक असते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या होत्या. गाडीत डॉक्टर असावा हे या सेवेचे वैशिष्ट्य ठरले. मुंबईच्या अरुंद गल्ल्या आणि कोंडी लक्षात घेऊन २०१७ मध्ये मोटारसायकलवरील रुग्णवाहिकाही रस्त्यावर आणण्यात आल्या. शासनाने गाडी दिली, डॉक्टर दिला, दूरध्वनीवर चोवीस तास उत्तर देणारी माणसे दिली. परंतु गाडी आणि रुग्ण यांच्यामधला रस्ता नागरिकांच्याच ताब्यात आहे. तो कोणत्याही अंदाजपत्रकातून विकत घेता येत नाही.

भोंग्याचा दुरुपयोग होतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. काम नसताना भोंगा वाजवून पुढे घुसणारा चालक आपल्याच व्यवसायबंधूंचा घात करतो. कारण त्याच्यामुळे लोकांचा खऱ्या भोंग्यावरील विश्वास उडतो. अशा गैरप्रकाराला आळा घालणे हे पोलीस व परिवहन खात्यांचे काम आहे. रस्त्यावरील चालकाने त्या क्षणी न्यायाधीश होऊ नये. दहा भोंग्यांपैकी एक खोटा निघाला, तर वाट देणाऱ्याचे अर्धे मिनिट वाया जाईल. खरा भोंगा खोटा मानला गेला, तर मात्र एखाद्या घराचा आधार जाईल.

कायदा काय म्हणतो

रुग्णवाहिका किंवा अग्निशमन वाहन जवळ येताच रस्त्याच्या बाजूला होऊन त्यास वाट द्यावी, हा नियम देशात नवा नाही. १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत तो होता आणि २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमावलीत तो अधिक तपशिलाने आला. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९४-ई हे कलम घालण्यात आले. अग्निशमन वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्य शासनाने ठरविलेले अन्य आपत्कालीन वाहन येत असताना जो चालक बाजूला होणार नाही, त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, असे हे कलम सांगते. १ मे २०१७ पासून मंत्री व अधिकारी यांच्या मोटारींवरील लाल दिवा देशभर बंद झाला, याचाही अर्थ येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. रस्त्यावरील अग्रहक्क पदाचा नसून संकटात सापडलेल्या जिवाचा आहे, हे त्या निर्णयाने मान्य केले.

तरीही केवळ दंडाने हा प्रश्न सुटणार नाही. भर कोंडीत कोणी वाट अडविली आणि कोणाला खरोखरच हलता आले नाही, हे ठरविणे अवघड असते. दंड हा शेवटचा उपाय होय. पहिला उपाय शिक्षण आहे.

हरित मार्गाचा धडा

अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी पोलीस ‘हरित मार्ग’ तयार करतात, ही बातमी आता वाचकांच्या परिचयाची झाली आहे. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारणतः चार ते सहा तासांच्या आतच दुसऱ्या शरीरात बसवावे लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील एका दात्याचे हृदय मुंबईत मुलुंडच्या रुग्णालयात आणून प्रत्यारोपण यशस्वी करण्यात आले. याच मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले होते. पण त्या काळी रुग्ण वाचू शकला नव्हता. २०१५ च्या यशात शल्यविशारदांच्या कौशल्याबरोबर दोन्ही शहरांच्या वाहतूक पोलिसांचाही वाटा होता. पुढे अशा अनेक प्रसंगी रस्ते मोकळे झाले आणि त्याबद्दल नागरिकांनी कुरकुर केली नाही.

या उदाहरणातून एक प्रश्न उभा राहतो. दात्याच्या हृदयासाठी चौकाचौकांत पोलीस उभे राहतात. परंतु ज्याचे स्वतःचे हृदय बंद पडत आहे, त्याच्या गाडीपुढे पोलीस नसतो, आणि प्रत्येक रुग्णवाहिकेसाठी तो उभा करणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. त्या रुग्णाचा हरित मार्ग सामान्य चालकांनाच तयार करावा लागतो.

नेमके काय करावे

जर्मनीमध्ये यासाठी एक पद्धत कायद्यानेच घालून दिलेली आहे. मोठ्या रस्त्यावरील वाहतूक मंदावून वाहने पायी चालल्याच्या गतीने जाऊ लागली, की रुग्णवाहिका दिसण्याची वाट न पाहता सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतील वाहने डाव्या कडेला आणि बाकीची सारी उजव्या कडेला सरकतात. मधोमध एक गल्ली आपोआप तयार राहते. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून ही रचना तशी आहे. भारतात डावी बाजू असल्याने तिचे रूप उलटे होईल. या पद्धतीतून घेण्यासारखे तत्त्व असे, की वाट ही मागाहून नव्हे, तर आधीच करावयाची असते. एकमेकांना खेटून वाहने उभी राहिल्यावर कोणाला इच्छा असूनही हलता येत नाही.

चालकाने ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. भोंगा ऐकू येताच प्रथम आरशात पाहावे. कित्येक रुग्णवाहिकांच्या पुढील भागावर अक्षरे उलटी लिहिलेली असतात, ती आरशात सुलट वाचता यावीत म्हणूनच. नंतर इशारा देऊन सावकाश डावीकडे सरकावे आणि गरज पडल्यास थांबावे. दुभाजक असलेला रस्ता वाहनांनी पूर्ण भरला असेल, तर दुभाजकालगतच्या वाहनांनी दुभाजकाला चिकटावे व बाकीच्यांनी डावीकडे व्हावे, म्हणजे मध्ये वाट निघते. घाबरून भर रस्त्यात एकाएकी ब्रेक लावू नये. मागच्या गाडीत कोणी रुग्णाच्या छातीवर दाब देत असेल, तर त्या धक्क्याने तोल जाऊन उपचार खंडित होतो. सिग्नलला उभे असता पुढच्या वाहनाला खेटून उभे राहू नये. हात-दोन हात अंतर असेल तरच बाजूला वळता येते. लाल दिवा असताना भरधाव चौकात घुसणे हा वाट देण्याचा मार्ग नव्हे. त्यातून दुसराच अपघात ओढवतो.

दुचाकीस्वारांसाठी एक वेगळी सूचना आवश्यक आहे. मोटारचालकांनी बाजूला होऊन केलेली वाट ही त्यांच्यासाठी नसते. त्या वाटेत शिरणारी पहिली दुचाकी सबंध कोंडी पुन्हा जशीच्या तशी करून ठेवते. रुग्णवाहिकेच्या पाठीमागे लागून चौक पार करण्याची युक्तीही तितकीच धोक्याची आहे, कारण पुढची गाडी गेली असे समजून इतर वाहने लगेच मूळ जागी येऊ लागतात.

ज्याचे त्याचे काम

हा विषय केवळ महानगरांचा आहे, असे समजून ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी तो बाजूला ठेवू नये. पुण्याच्या ससून रुग्णालयाकडे किंवा मुंबईत परळच्या रुग्णालयांकडे धावणाऱ्या रुग्णवाहिकेत पुष्कळदा दूरच्या तालुक्यातील रुग्ण असतो. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी चाळीस-पन्नास किलोमीटरचा रस्ता वेगाने कापते आणि शहराच्या वेशीपासून रुग्णालयापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत अडकून पडते. गावातल्या माणसाचा जीव अशा रीतीने शहरातल्या चौकाशी बांधलेला असतो.

ग्रामपंचायत सदस्यांना आपल्या हद्दीतही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. आठवडा बाजाराच्या दिवशी मुख्य रस्त्यावर एका गाडीपुरती जागा मोकळी राहील अशी दुकानांची मांडणी करणे, वरातीत व मिरवणुकीत वाट करून देण्यासाठी दोन-चार स्वयंसेवक नेमणे, ऊस वाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरचालकांना मागे पाहण्याचे आरसे लावावयास व कर्णे आवरावयास सांगणे, ही कामे खर्चाची नाहीत. वाडी-वस्तीवर रुग्णवाहिका बोलावली असेल, तर फाट्यावर एक माणूस उभा करावा. वाट शोधण्यात जाणारी पाच मिनिटे त्यामुळे वाचतात.

अधिकाऱ्यांच्या वाट्याला यातील मोठा भाग येतो. रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील बेशिस्त उभी वाहने हटविणे, उत्सवाच्या मांडवांना परवानगी देताना बंब जाण्याइतकी रुंदी राखली जाते की नाही हे पाहणे, सोसायट्यांच्या आवारात अग्निशमन वाहनासाठी ठेवलेली जागा वाहनतळ बनू न देणे, ही कामे रोजच्या कारभारात बसणारी आहेत. उंच शिडीच्या वाहनाला केवळ आत शिरता येऊन भागत नाही. शिडी उभारण्यापूर्वी त्याला दोन्ही बाजूंना पाय पसरून टेकावे लागतात, आणि तेवढी जागा नसेल तर महागडी शिडी खालीच राहते. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत व एसटी, शहर बस आणि शाळेच्या बसच्या चालकांच्या प्रशिक्षणात वाट देण्याचा प्रत्यक्ष सराव असावा. बससारखे मोठे वाहन वेळेवर बाजूला झाले, की तिच्यामागची दहा लहान वाहने आपोआप तिचे अनुकरण करतात.

शिक्षकांचे काम याहून मोलाचे आहे, कारण सवय ही लहानपणीच लागते. शाळेच्या मैदानावर खडूने रस्ता आखून मुलांनाच मोटारी, बस आणि रुग्णवाहिका बनविले, तर अर्ध्या तासात ती वाट देण्याचे तंत्र शिकतात. रस्ता सुरक्षा दलाचे विद्यार्थी ज्या शाळांत आहेत, तेथे हा सराव सहज होऊ शकेल. शिवाय मागच्या आसनावर बसलेल्या मुलाने “बाबा, मागून रुग्णवाहिका येते आहे, डावीकडे घ्या,” असे म्हटले, तर त्याचा जो परिणाम होतो, तो कोणत्याही फलकाचा होत नाही.

लक्ष्मी रस्त्यावरील ती साखळी कोणा एकाने घडविलेली नसते. पुढचा सरकतो म्हणून मागचा सरकतो, आणि बघता बघता हजारो माणसांची मिळून एक वाट होते. पायी चालणाऱ्या महाराष्ट्राला जे साधले आहे, ते वाहन चालविणाऱ्या महाराष्ट्रालाही साधले पाहिजे. मागून भोंगा ऐकू येताच पहिल्याने हात-दोन हात सरकावे. मग दुसऱ्यालाही सरकण्याची बुद्धी होते. त्या गाडीतील रुग्णाचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि ते विचारण्यासाठी वेळही नसतो. एखाद्या दिवशी ते नाव आपल्याच घरातील माणसाचे असेल, आणि त्या दिवशी पुढच्या चौकात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने वाट द्यावी, एवढीच प्रत्येकाची प्रार्थना असेल.